माझ्या वैऱ्याची कोरी चिठ्ठी

चहा घ्या आधी, निवतोय. आणि ती खोबऱ्याची वडीही उचला. मी जे सांगणार आहे ते ऐकताना तोंडात काहीतरी असलेलं बरं, नाहीतर मधेच हसाल आणि मला राग येईल. माझा राग तुम्हाला ठाऊक आहेच. माणूस आयुष्यात चार-दोनदा फजीत होतो, पण मी एका संध्याकाळी अख्ख्या गावाच्या देखत झालो. आणि तेसुद्धा कशापायी? प्रेमापायी! अहो, तसलं प्रेम नव्हे. मी साठी उलटलेला माणूस. ख्रिस्ती प्रेम म्हणतोय मी, जे वैऱ्यावर करायचं असतं.

माझा आवाज तुम्ही ऐकलाच आहे. मालवणच्या एस.टी. स्टँडवर एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या या बावतीसने. कुणकेश्वरच्या जत्रेच्या जादा गाड्या असोत नाहीतर पहाटेची बांदा असो, माझा आवाज ऐकल्याशिवाय प्रवासी बूड उचलत नसत. लोक म्हणायचे, बावतीसने पुकारलं की म्हातारी बाईसुद्धा पळत सुटते. आणि चर्चमध्ये गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेची गाणी पुढे उभं राहून कोण गायचं? मीच. चौदा स्थानकं, चौदा गाणी, बावीस वर्षं. स्थानकं म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क पोचतो सांगा?

मग इनास आला.

इनास म्हणजे माझा शेजारी. आमच्या दोघांत एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि त्याचा एक माड. सगळं आयुष्य बोटीवर काढलं आणि निवृत्त होऊन गावी आला तो व्हायोलिन घेऊन. गायलाही लागला. बरं, वाईट गावं ना माणसाने? तर नाही. असं गायला की पहिल्याच रविवारी माझी सख्खी बायको रोझू डोळे पुसत होती. बावीस वर्षं मी गायलो, तेव्हा हिच्या डोळ्यांत कचरासुद्धा गेला नव्हता. मी जळलो. लपवत नाही तुमच्यापासून, तळव्यापासून टाळूपर्यंत जळलो.

आणि माझ्या हाताने मी काय केलं बघा. फादरनी मला सहज विचारलं, "काय बावतीस, यंदा गुड फ्रायडेला तूच ना?" मी आपला नम्र झालो. म्हटलं, फादर, आता आमचं वय झालं, नव्या माणसाला द्या. यावर समोरच्या माणसाने काय म्हणायचं असतं? छे छे, तुझ्याशिवाय कोण, असंच ना? फादर म्हणाले, "बरं." आणि गाणी इनासला दिली. नवा माणूस! माझ्याहून दोन महिन्यांनी लहान आहे तो.

त्या दिवसापासून इनास माझा वैरी. दोन वर्षं मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो, आणि काम कधी पडू दिलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी उपवासकाळ सुरू झाला तेव्हा फादरनी वेदीपाशी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून. प्रवचनात म्हणाले, आपल्या माणसांवर प्रेम करण्यात कसली बहादुरी? जो डोळ्यांसमोर नको वाटतो त्याच्यावर करून दाखवा. प्रत्येकाने तशा एका माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि डब्यात टाकायचं. चिठ्ठ्या कुणी उघडणार नाही, ईस्टरच्या विस्तवात जाळायच्या. पण चाळीस दिवस त्या माणसासाठी प्रार्थना करायची, गुपचूप त्याचं काहीतरी भलं करायचं, आणि झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी चार ते सहाच्या आत, हातात काहीतरी घेऊन त्याच्या घरी जायचं. "माका माफ कर" एवढंच म्हणायचं आणि परत यायचं. का, कशाला, ते सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही.

मी नाव लिहायला किती वेळ घेतला असेल? फादरांचं वाक्य संपायच्या आत माझी चिठ्ठी डब्यात होती.

पण घरी आलो आणि डोक्यात किडा शिरला. मी इनासचं नाव लिहिलं, ठीक. इनासने माझंच लिहिलं असेल ना? लिहिलंच असणार. दुसरं कुणाचं लिहील? दोन वर्षं मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही, एवढी मेहनत कुणी घेतली होती त्याच्यासाठी?

आणि तिसऱ्याच दिवशी बघतो तर काय, हा पाववाल्या पास्कूची सायकल दुरुस्त करून देतोय. आपल्या खळ्यात, म्हणजे अंगणात बसून, हात काळे करून! म्हणजे याने पास्कूचं नाव लिहिलं? पास्कू? अहो, त्या पास्कूत वैरी होण्यासारखं आहे तरी काय? गरीब बिचारा, सकाळी पाव वाटतो, संध्याकाळी झोपतो. मी इथे दोन वर्षं दात-ओठ खातोय आणि माझा हक्काचा वैरी पास्कूने पळवावा?

दुसऱ्या दिवशी पाव घेताना मी पास्कूला आडून विचारलं, इनासशी काही बिनसलंय का. तो म्हणाला, काय नाय, सायकल मोडली होती. आणि मला आवडतात तसे टोपलीतले सगळ्यात कडक, भाजलेले पाव निवडून दिले. तेव्हा माझ्या लक्षात नाही आलं. पुढे येईल तुमच्या.

मी ठरवलं, इनासला आठवण करून दिली पाहिजे. स्कूटर नेऊन त्याच्या गेटच्या आडवी लावली. तासाभराने बघतो तर स्कूटर माडाच्या सावलीत. सीटला ऊन लागत होतं म्हणून त्याने हलवली, असं रोझूला सांगून गेला. चर्चमध्ये त्याच्या मागे उभा राहून मी वरच्या पट्टीत गायलो, तर मिस्सा संपल्यावर म्हणतो, बावतीस, पुढे येऊन उभो रव रे, मागे कित्या? आता सांगा, याला प्रायश्चित्त म्हणायचं की नेहमीचं वागणं? कळेना. हा पूर्वीही असाच वागायचा, तीच तर पंचाईत होती.

माझ्या वाट्याचं भलंही करायचं होतं. त्याच्या माडाचे नारळ बऱ्याचदा आमच्या बाजूला पडतात. इतकी वर्षं मी ते... असू दे. त्या आठवड्यात एक पडला तो मी देवाचं नाव घेऊन गडग्यावरून परत टाकला. तो गेला थेट त्याच्या कौलांवर. दोन कौलं फुटली. इनास बाहेर आला, वर माडाकडे बघितलं, म्हणाला, "बरा झाला कोणाच्या डोक्यात नाय पडलो." आणि संध्याकाळी त्याच नारळाची सोलकढी तांब्याभर आमच्याकडे पाठवून दिली. चाळीस दिवसांत माझं एकच सत्कृत्य, त्याचीही त्याने परतफेड करून टाकली!

एक मात्र सांगायला हवं. तो उपवासकाळ इनास सोडला तर मला फार सुखाचा गेला. चर्चचा घंटावाला मिंगेल एरवी मला बघून दुसरीकडे बघतो, तो माझ्यासाठी पंख्याखालची खुर्ची राखून ठेवू लागला. मेहुणी आंतोनेत कसालला असते, ती दर दोन दिवसांनी फोन करून माझे गुडघे विचारू लागली. मासेवाली सुलभा, ती तर आमच्या चर्चमधलीसुद्धा नाही, ती मला हाक मारून बांगडे दाखवू लागली. घरात रोझू न मागता दुसरा चहा आणून द्यायची, वर जुना शर्ट इस्त्री करून ठेवायची. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, लोकांना शेवटी माणसाची किंमत कळते बघ. ती गळ्यातला क्रूस हातात धरून स्वयंपाकघरात गेली.

तो शनिवार उजाडला. साडेतीनलाच मी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून पडवीत खुर्ची टाकून बसलो. रोझू म्हणाली, जाऊन येवा आधी, मगे बसा. मी म्हटलं, तो येवंदे. तो आला की मग मी जाईन. मी मनात सगळं बसवलं होतं. इनास खाली मान घालून येणार, माफ कर म्हणणार, मी जरा वेळ समुद्राकडे बघणार, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवणार. तो म्हणणार, बावतीस, गुड फ्रायडेक तूच गा. मी म्हणणार, छे छे. तो म्हणणार, नाय, तुझ्याशिवाय कोण? या खेपेला मी लगेच हो म्हणणार होतो.

चार वाजले आणि गेट वाजलं. बघतो तर मिंगेल. हातात झाकलेलं ताट. मला वाटलं हा वाट चुकला. मी म्हटलं, मिंगेल, इनासाचा घर पलीकडे. तो जागचा हलला नाही. ताट पुढे केलं, म्हणाला, "बावतीस, माका माफ कर." आणि उभा राहिला.

आता आमच्याकडे कुणाचं ताट रिकामं परत जात नाही हे तुम्हाला माहीत आहे. रोझूने केळी काढून घेतली, ताटात एक नारळ ठेवला आणि मिंगेल गेला. मी म्हटलं, घंटा वाजवून वाजवून याचं डोकं फिरलंय.

तेवढ्यात पास्कू. ताटात पाव. "काका, माका माफ करा." नारळ. मग कसालच्या गाडीने आंतोनेत आली, ओले काजूगर घेऊन. गुडघे विचारले नाहीत, माफी मागितली. नारळ. तिच्या मागोमाग चर्चच्या गायनातल्या दोन बाया एकदम आल्या, आणि गेटात एकमेकींना बघून लाजल्या. दोन नारळ. मला दरदरून घाम फुटला. अहो, एका माणसाने किती लोकांच्या डोळ्यांत सलावं? आणि नियम असा की विचारायची सोय नाही.

रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. समोरच्या खळ्यात खुर्च्या निघाल्या. प्रत्येक जण हातात नारळ घेऊन बाहेर पडतोय, घरात लग्न नाही, काही नाही!

मग डोक्यावर टोपली घेऊन सुलभा आली. मी म्हटलं, तू खंय गो? तू आमच्या चर्चमधली नाय.

"नाय ओ काकानू, पण आयकलंय आज ह्या घरात माफी मागूक लाइन लागली आसा, म्हटला आपणय सुटान जावया," ती म्हणाली. आणि तिला नियम माहीत नव्हता, म्हणून तिने कारणही सांगितलं. "रोज येतास, धा बांगड्यांचे कल्ले उघडून बघतास, ताजे नाय म्हणून जातास. तुमची पाठ फिरली काय मी काय काय बोलतंय, ता हयसर सांगूचासारख्या नाय. माफ करा."

मी तिला माफ केलं. दुसरं काय करणार? नारळ संपले होते, रोझूने तिला गुळाची ढेप दिली.

पावणेसहा झाले. इनासचा पत्ता नाही. मी रोझूला हाक मारली, तर आत कुणी नाही. मागचं दार उघडं. आणि पुढचं गेट वाजलं. बघतो तर माझीच रोझू, डोक्यावर पदर घेऊन, हातात झाकलेलं ताट, रीतसर रस्त्यावरून आत येतेय. मागच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालून आली होती.

ताटात शिरवाळे होते, तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसासकट. माझे आवडते. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने ते तीन शब्द म्हटले.

"तू पण?" मी विचारलं.

"चाळीस दिस तुमच्यासाठी प्रार्थना केलंय," ती म्हणाली. "सोपा नाय व्हता."

मी खुर्चीत बसलो तो बसलोच. माझं काय काय डोळ्यांसमोरून गेलं म्हणता. मिंगेलला मी दर रविवारी घड्याळ दाखवायचो. आंतोनेतच्या मुलीच्या लग्नात जेवणाला नाव ठेवलं होतं, तेही माझ्या त्या आवाजात. गायनातल्या बायांना तर मी... नको. एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या, पण आपल्याकडे येणारी गाडी काही ऐकू आली नाही मला.

आणि तेवढ्यात धावत धावत इनास आला.

रिकाम्या हातांनी, बनियनवर, पायात चप्पलसुद्धा नाही. पण मला ते कुठे दिसतंय? माझ्या डोक्यात एकच, आला! शेवटी आला! समोरच्या खळ्यात गाव बसलेलं. मी उठलो, दोन्ही हात पसरले आणि फलाटावरच्या आवाजात म्हणालो, "इनास, मी तुका माफ केलंय."

इनास दारातच थबकला. "कशाक?" त्याने विचारलं.

"तू माफी मागूक इलंस ना?"

"मी मागीलदारी झोपलेलंय रे. उठून बघतंय तर तुझ्या घरात माणसांची रीघ. माका वाटला, कोणतरी गेलो. म्हणान तसोच धावत इलंय." मग त्याने रोझूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दोघं जिवंत आहोत याची खात्री केली आणि पायरीवर बसून दम खाल्ला.

समोरच्या खळ्यातलं हसू मला आजही ऐकू येतं. पण माझी अक्कल बघा, मी तरी विचारलंच. म्हटलं, मग तू चिठ्ठीत कोणाचा नाव घातलंस?

"कोणाचाच नाय. चार दिस इचार केलंय, पण कोण सुचाकच नाय. फादरांका विचारलंय, तर म्हणाले कोरी घाल."

कोरी! म्हणजे दोन वर्षं मी याचा वैरी होतो आणि याला पत्ताच नाही. तुम्हाला काय वाटलं, मला लाज वाटली असेल? वाटली, नंतर. आधी मी पुन्हा जळलो. गाण्यात हा पुढे, व्हायोलिनमध्ये हा पुढे, आणि आता चिठ्ठीतही हाच पुढे!

"आणि तू कोणाचा घातलंस?" इनासने विचारलं.

तेवढ्यात चर्चकडून मिंगेलच्या घंटेचा पहिला ठोका आला. सहा वाजत होते. सहाच्या आत माफी मागायची होती आणि माझी एकुलती एक माफी अजून माझ्याजवळच होती. मी इकडे-तिकडे बघितलं. घरात माझं असं काही उरलं नव्हतं. मिंगेलची केळी उचलली, त्यावर पास्कूचे पाव ठेवले आणि इनासच्या हातात दिले.

"इनास," मी म्हटलं, "माका माफ कर."

"माझा नाव? मी काय केलंय?"

नियम मोडून मी सांगून टाकलं. "तू बरो गातंस."

त्याने केळी-पाव मांडीवर ठेवले. मग हळूच म्हणाला, "मी पहिल्यांदा बोटीवर गेलंय तेव्हा मालवणच्या स्टँडार बसान रडत होतंय. तू गाडी पुकारलंस. गावातलो शेवटचो आवाज तुझो आयकलेलो. परत इलंय तेव्हा फादरांका सांगितलंय, बावतीसाक गावंदे, मी मागे वाजवतंय. ते म्हणाले, बावतीसाकच नको आसा."

मी रोझूचं ताट पुढे ओढलं, शिरवाळे खाल्ले, त्यालाही दिले. आणि त्या गुड फ्रायडेला आम्ही दोघं पुढे उभे राहिलो, मी गायलो आणि त्याने वाजवलं. रोझूने डोळे पुसले. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

संपलं वाटलं? चहा अजून आहे ना कपात? मग ऐका.

तेव्हापासून वर्षभर दर बुधवारी इनासकडे आमची तालीम. मी जीव ओतला त्यात. त्याचं व्हायोलिन कुठे ढिलं पडतं ते दाखवलं. बोट कसं धरायचं तेही सांगितलं, मला वाजवता येत नसलं तरी. लोकांसमोर त्याच्या चुका काढल्या, त्याच्या भल्यासाठीच. त्याचा चहा पाणचट असतो हेही प्रत्येक बुधवारी न चुकता कानावर घातलं. मैत्री म्हटली की एवढं होणारच.

यंदा फादरनी पुन्हा डबा ठेवला. मी ऐटीत गेलो आणि सगळ्यांना दिसेल अशी कोरी चिठ्ठी टाकली. म्हटलं, आता बघू कोण कुणाच्या पुढे. माझं मन गंगेसारखं, म्हणजे आपल्या कर्ली नदीसारखं म्हणा, साफ.

आणि त्या शनिवारी, चारच्या ठोक्याला, गेट वाजलं.

इनास होता. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात झाकलेलं ताट, मान खाली. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बावतीस, माका माफ कर."

आतून रोझूच्या हातातली पळी पडल्याचा आवाज आला.

मला वाईट वाटायला हवं होतं, हो ना? पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? एवढा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. मी त्याचं ताट दोन्ही हातांनी घेतलं आणि बांदा-सावंतवाडीपर्यंत ऐकू जाईल असं आत ओरडलो, "रोझू, घरातलो सगळ्यात मोठो नारळ काढ गो. माझो वैरी इलोहा."